परिचयपत्रातील ‘वर्ण’ हा रकाना रद्द व्हावा

अचलपूर-परतवाडा परिसरातील पालक, समाजमंडळे आणि वधू-वर परिचय मेळाव्यांचे आयोजक यांच्यासाठी पत्रक

मुलीच्या परिचयपत्रात ‘वर्ण’ असा एक रकाना असतो, आणि त्यात ‘गोरा’ किंवा निदान ‘गव्हाळ’ असे लिहिलेले नसेल, तर पुष्कळ घरांत ते पत्र पुढे वाचलेही जात नाही. ही आवड पूर्वापार चालत आली आहे, असे तिचे समर्थन केले जाते. परंतु ते टिकणारे नाही, आणि त्याचे खंडन करणारा पुरावा वऱ्हाडाच्या आसपासच उपलब्ध आहे.

ज्या वाकाटक वंशातील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडला, त्याच वंशाच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथील शाखेचा राजा हरिषेण याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. अजिंठ्याच्या चित्रांत स्त्रिया गोऱ्या, सावळ्या, काळ्या अशा नाना वर्णांच्या आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीजवळची, अलंकारांनी सजलेली स्त्री तर स्पष्टपणे कृष्णवर्णी असून चित्रकाराने तिच्या रूपात काहीही उणे ठेवलेले नाही. महाभारतातील द्रौपदी रूपासाठी ख्यात होती आणि वर्णाने सावळी होती. मेळघाटातील कोरकू स्त्रियांनी गोंदण, म्हणजे सुईने त्वचेत रंग भरून काढलेली नक्षी, हाच दागिना मानला. जुन्या वाङ्मयात गोऱ्या रंगाचीही स्तुती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र सौंदर्याचे तेवढे एकच माप नव्हते.

ते एकच माप घरोघर पोचविण्यात बाजाराचा वाटा मोठा आहे. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ विक्रीस आली, आणि चेहरा उजळला की स्थळ येते, नोकरी मिळते, हे तिच्या जाहिरातींनी पुढे पिढ्यांच्या मनावर बिंबविले. २०२० मध्ये नावातील गोरेपणाचा शब्द वगळला गेला, मलम मात्र विकले जातच राहिले.

या हट्टाची किंमत अकोल्यातील एका कुटुंबाने मोजली आहे. तेथील एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण यांनी सौंदर्यतज्ज्ञाकडून घेतलेले गोरेपणाचे मलम वापरले, आणि २०२२ मध्ये तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला; मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या मलमात पारा आढळला. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडातील सूक्ष्म जाळ्यांना इजा करतो. एकाच घरातील तिघींना रुग्णालयात पोचविणारी ही आवड निरुपद्रवी म्हणणे हा अन्याय आहे.

मुलाच्या परिचयपत्रात शेती, नोकरी आणि शिक्षण पाहिले जाते, मुलीच्या पत्रात मात्र कातडीचा रंग. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून दोघांना लावल्या जाणाऱ्या अशाच वेगवेगळ्या मापांवर प्रहार केला होता.

म्हणून मेळाव्यांच्या आयोजकांनी येत्या हंगामापासून छापील अर्जातून हा रकाना काढावा. मुलाकडच्यांनी पहिल्याच निरोपात रंग विचारू नये, आणि विचारला गेल्यास मुलीच्या वडिलांनी ते स्थळ तेथेच थांबवावे. घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक छापलेला नाही असे कोणतेही मलम ब्युटी पार्लरमध्ये विकले जाऊ नये. आणि अन्न व औषध प्रशासनाने अचलपूर व परतवाडा येथील अशा मलमांचे नमुने पाऱ्यासाठी तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर करावेत.