भाडं तिघांचं, घर पाचांचं

श्रीवर्धन तालुक्यात, दिघी बंदराच्या वाटेवर आमचं जुनं कौलारू घर आहे. अब्बांच्या इंतकालनंतर ते बंदच होतं. मग एका ठेकेदाराने आपल्या इंजिनियरांसाठी मागितलं, महिना १६,००० रुपये. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. अम्मी अब्बांच्या आधीच गेलेली. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर तिघा भावांच्या सह्या झाल्या. मराठी चांगली म्हणून करार मीच वाचून दाखवला. 'मालक' या शब्दापुढे तीनच नावं वाचताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

आता पनवेलचा एक गुंतवणूकदार आला आहे. त्याला घरात राहायचं नाही. भाडेकरू आधीच बसलेला आहे, म्हणून त्याला ते विकत हवंय. थोरले भाई खूश आहेत. मी नाही.

तलाक-निकाहाचा विषय निघाला की आपण १९३७ चा शरियत कायदा ढालीसारखा पुढे धरतो. तोच कायदा वारशालाही लागू आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. हो, शेतजमीन त्यातून वगळली होती. पण गावठाणातलं घर म्हणजे भाताचं खाचर नव्हे! सूरह निसाच्या ११ व्या आयतीत मुलाला दोन आणि मुलीला एक असा हिशोब आहे. म्हणजे आमच्या घराचे आठ हिस्से: भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. अब्बांनी डोळे मिटले त्याच क्षणी हे ठरलं. बहिणींनी मागायची वाट पाहायची नव्हती.

"लग्नात दिलं ना त्यांना!" लग्नात दिलेली भांडी आणि दागिने म्हणजे मीरास नव्हे, हे मदरशातलं पोरही सांगेल. "कौलं दुबईच्या पैशातून बदलली." बरोबर आहे, भाई. बिलं काढा, भाड्यातून आधी तेवढे वळते करून घ्या, मग उरलेलं वाटा. पण बिलं कुणी काढत नाही. कारण बिलाला शेवट असतो.

आणि या भाड्याच्या भरवशाबद्दल गुंतवणूकदारालाही दोन शब्द. आपल्या किनाऱ्याला बॉक्साइट आणि बंदर दिसलं की लोकांना कायमची कमाई दिसते. दिघी बंदराची कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ती घेतली. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. ठेकेदाराचं काम संपेल तेव्हा माणसंही जातील. शिवाय खरेदीखतावर तिघांच्याच सह्या असतील, तर बहिणींचे दोन हिस्से त्याला मिळालेलेच नसतील. पैसे मात्र पूर्ण घराचे जातील.

चौदा महिन्यांत माझ्याकडे हक्कापेक्षा १८,६६७ रुपये जास्त आले होते. गेल्या आठवड्यात ते दोघी बहिणींना निम्मे-निम्मे पाठवले. थोरल्या आपाचा फोन आला, ती रडली, "असू दे रे" म्हणाली. धाकटीने पैसे ठेवून घेतले आणि विचारलं, "करारात माझं नाव कधी घालणार?"

भाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही. खरेदीखत आलं तर पाच सह्यांशिवाय मी सही करणार नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.