एक्सल स्वस्त मिळाला, पण स्टिअरिंगचं काय?

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने गाडीच्या एक्सलवर लिहावं याचं कुणाला नवल वाटेल. पण हिरकणीवाडीत राहायचं आणि जीपगाड्यांबद्दल मत नाही, असं कसं चालेल! महाडचा बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं चाकांवरच गाठायचं. त्यात वाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते पावसाळ्यात ओहोळ होऊन बसतात. इथे गाडी ही हौस नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी आपल्या पिकअपखाली जुन्या जीपचा पुढचा एक्सल बसवायचा म्हणतोय. त्याच्या गाडीची पुढची चाकं एकेकटी वरखाली होतात. विलीजच्या वळणाच्या जुन्या महिंद्रा जीपा, एमएम ५४०, मारुतीची जिप्सी, यांना मात्र दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड एक्सल, पाट्यांवर बसवलेला. दगडधोंड्यांत एक चाक वर गेलं की दुसरं खाली रेटलं जातं आणि जमीन सोडत नाही. सुटे भाग कमी, दणकटपणा जास्त. त्याचं म्हणणं चूक नाही. भंगारात एक्सल स्वस्त मिळतोय, मोठे टायरही बघून ठेवलेत. स्टिअरिंगचं काय, विचारलं तर म्हणतो, "गुरुजी, ते बसवू काहीतरी शेवटी."

माझा आक्षेप आहे तो या 'शेवटी'वर.

बैलगाडीचाही आस अखंड असतो, पण तिथे बैल वळले की गाडी वळते. मोटारीला ती सोय नाही. चालकाच्या हातातलं चाक आणि रस्त्यावरचं चाक यांच्यामध्ये असतात फक्त काही दांडे आणि सांधे. स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला पिटमन आर्म ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि तिथून दुसऱ्या चाकापर्यंत टाय रॉड जातो. यातला एक सांधा निखळला की चालक नुसता बसलेला प्रवासी!

पिकअपचं मूळ स्टिअरिंगच नव्या एक्सलला जोडायचं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. का, ते कंपास घेऊन बघा. शाळेत मी भूमितीही शिकवायचो, म्हणून ही सवय. दोन वेगळ्या केंद्रांवरून वेगळ्या त्रिज्यांचे दोन कंस काढा. थोडं अंतर ते जवळजवळ चालतात आणि मग फाकतात. एक्सल पाट्यांवर वरखाली होतो तो एका कंसात, चेसिसवरून आलेला दांडा फिरतो दुसऱ्या. ते फाकले की खड्डा आला रे आला, चाक आपोआप वळतं. चालकाने हात हलवलेला नसतो! स्वतंत्र चाकांसाठी केलेल्या आखूड दांड्यांनी हे फारच होतं. अखंड एक्सलला टाय रॉडही या चाकापासून त्या चाकापर्यंत सलगच हवा.

मग घ्यावं काय? पाट्यांची गाडी असेल तर माझी पसंती आडव्या ड्रॅग लिंकला. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून बॉक्स उजव्या बाजूला आणि लिंक थेट डाव्या चाकाच्या नकलपर्यंत. जितकी लांब आणि सपाट, तितका कंस उथळ आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटका कमी. काही जुन्या गाड्यांत ही लिंक पुढून मागे जाते. मूळ उंचीला ती चालते, पण गाडी उंच केली की लिंक तिरकी होते आणि उतारावर हात ओढायला लागते. बॉक्स जिथे बसेल तिथे चेसिसला आतून जाड पत्रा हवाच, नाहीतर मोठ्या टायरांच्या जोराने तिथेच चीर पडते.

पॉवर स्टिअरिंगला माझी ना नाही. इंजिन बंद पडलं तर ते जड होतं, पण दांडे जागेवर असतात, गाडी वळते. ट्रॅक्टरच्या भंगारातलं नुसतं तेलाच्या नळ्यांवर चालणारं स्टिअरिंग मात्र नको. शेतात ते झकास. पण त्यात मधे दांडाच नसतो, आणि वळणानंतर चाक आपण होऊन सरळ येत नाही. वरंध घाटात ते बघायची माझी तरी इच्छा नाही.

थोडक्या पैशात करायचं तर एकाच घरचं घ्यावं. एक्सल, नकल, टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि बॉक्स, सगळं एकाच भंगार गाडीचं, आणि बॉक्स ज्यावर बसतो तो चेसिसचा तुकडाही मोजून घ्यावा. सोयरिकीत नसेल, पण इथे हा नियम उत्तम. टाय रॉड कापून वेल्डिंगने लांब करणं, टेपर जुळत नाही म्हणून आत पत्र्याची पट्टी सरकवणं, असल्या जुगाडाचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. वेगात स्टिअरिंग थरथरतंय म्हणून डॅम्पर लावणं हेही तसलंच. दुखणं झाकायचं नि औषध दिलं म्हणायचं. टायर आणि दिवे पुढच्या वर्षी घेता येतात.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुन्हा विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं ते वेगळंच. म्हणून पेणच्या आरटीओत आधी विचारावं. आणि मागे माणसं बसवायची असतील तर माझं मत सरळ आहे: कारखान्यातूनच अखंड एक्सल घेऊन आलेली जुनी जीप घ्यावी, आणि वाचलेल्या पैशात तिचे टाय रॉड एन्ड नि किंग पिन नवे टाकावेत. (त्याला हे अजून पटलेलं नाही. असो.)

आमच्या वाडीतून १९९६ पासून रायगडावर रोप-वे जातो. पाळण्यात पाय ठेवण्याआधी, दोर रोज तपासता ना, असं विचारणारे पर्यटक मी ऐकले आहेत. जीपच्या मागे दाटीवाटीने बसताना टाय रॉडची चौकशी केलेली मात्र ऐकली नाही. खरं तर ती तपासायला पाच मिनिटं पुरतात. गाडी सपाटीवर उभी, इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांध्यावर बोट ठेवून बघावं, हात हलतोय आणि चाक गप्प आहे असं कुठे होतंय ते.