मुक्कामाचा पैसा घाटमाथ्यावर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि केळव्यापासून डहाणूपर्यंतचे नामांकित किनारे नव्या पालघर जिल्ह्याकडे गेले. पर्यटन म्हटले की कोकणच्या माणसासमोर प्रथम समुद्र उभा राहतो. त्यामुळे शहापूर आणि मुरबाड या डोंगराळ तालुक्यांना पर्यटनाच्या चर्चेत पंगतीच्या शेवटी पान मांडले जाते. वास्तविक पाहण्याजोगे तेथे थोडे नाही. आसनगाव स्थानकाजवळ माहुलीचा किल्ला आहे. १६३६ मध्ये निजामशाही वाचविण्याची शहाजीराजांची धडपड संपली ती याच किल्ल्यावर. तानशाचे अभयारण्य १९७० पासूनचे. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानशाच्या रानातही दिसला, तेव्हापासून पक्षिनिरीक्षकांची पावले तिकडे वळतात. मुरबाडकडे गोरखगड आहे, माळशेजचे धबधबे आहेत, आणि २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील जेथे हुतात्मा झाले तो सिद्धगड आहे.

तेव्हा प्रश्न पाहण्याचा नाही, राहण्याचा आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने नुसता पाहून जाणारा पाहुणा आणि रात्रभर टेकणारा पाहुणा यांत फार मोठे अंतर असते. पावसाळ्यातील रविवारी सकाळी मुंबई-ठाण्याहून निघालेला तरुण डबा घरून आणतो, इंधन शहरात भरतो आणि संध्याकाळी परततो. मागे उरतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि तुंबलेला रस्ता. वाटेवर भाजलेली मक्याची कणसे विकणाऱ्यास चार पैसे मिळतात, जूनच्या आरंभी शेवळाच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या कातकरी बाईलाही मिळतात. पण तेवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. रात्रीचा मुक्काम झाला तर दोन वेळचे जेवण आले, दूध आले, गडावर नेणारा वाटाड्या आला. गावात आलेला रुपया गावातच दोनतीन हात फिरतो.

नाणेघाटाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सातवाहनकाळी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल मुरबाडच्या वाटेने वैशाखऱ्याच्या बाजूने घाट चढून जुन्नरला जाई. जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवितात, तो घाटाच्या माथ्यावर आहे. बैलांच्या खुरांची धूळ पायथ्याला आणि जकात माथ्यावर, अशी ती वाटणी! दोन हजार वर्षांनंतरही ती फारशी बदललेली नाही. माळशेज चढणारा प्रवासी सारा मुरबाड तालुका ओलांडतो आणि मुक्काम करतो तो घाटमाथ्यावर, जुन्नर तालुक्याच्या हद्दीत. राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही तेथेच आहे. शहापूरची स्थिती निराळी नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. आता तर शहापूर केव्हा आले आणि केव्हा मागे पडले, हेही मोटारीतल्या माणसास कळू नये.

मुक्कामाची सोय या तालुक्यांत अगदीच नाही, असे मात्र नव्हे. फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांच्या पाट्या महामार्गापासून आतल्या रस्त्यांपर्यंत दिसतात. त्यांतील बहुतेकांची मालकी शहरात, आणि नफाही शहरात. ज्याची जमीन विकली गेली, त्याचा मुलगा तेथे पहारेकरी होतो, हीच काय ती रोजगारनिर्मिती. त्याहून बोचणारी गोष्ट पाण्याची. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात वा त्याच्या सीमेवर आहेत. एकट्या भातशातून महानगराला जवळपास निम्मे पाणी मिळते. त्याच तालुक्याच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावले जातात. अशा गावाच्या वेशीवर रिसॉर्टचा निळाशार पोहण्याचा तलाव भरलेला असावा, यास पर्यटनविकास म्हणणे कठीण आहे. निवासव्यवसायास परवानगी देताना पाण्याचा स्रोत कोणता, हा प्रश्न ग्रामसभेने पहिल्यानेच विचारला पाहिजे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला दिलेले स्थान केवळ शोभेचे नव्हे.

याला पर्याय नाही काय? गोव्यात कळंगुट-बागा भागात साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी तरुण स्थानिक कुटुंबांच्या घरांतून भाड्याने राहत. पुढे मोठी हॉटेले आली, तरी खोल्या देण्याची सवय गावाला आधीच लागलेली होती. मालवणजवळ तारकर्ली-देवबागला मच्छीमार कुटुंबांनी घराशेजारी दोनचार खोल्या बांधल्या; पाहुणा समुद्र पाहतो आणि जेवतो घरच्या चुलीवरचे. महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे, २०२० चे कृषी पर्यटन धोरणही आहे. तारकर्लीला समुद्र आहे म्हणून जमले, हे अर्धेच खरे. तेथे कुटुंबाकडे घर होते, शौचालय बांधण्याइतकी पत होती आणि नळाला किंवा विहिरीला पाणी होते. ठाकूर वा कातकरी पाड्यावर या तिन्ही गोष्टींची वानवा आहे. म्हणून नुसते धोरण छापून भागणार नाही. लहान कर्ज, पाणी आणि शौचालय ही सरकारची जबाबदारी राहते. शिवाय आदिवासी घर म्हणजे प्रदर्शनाची वस्तू नव्हे. पाहुण्याने कोणते दार उघडावे आणि कोणते उघडू नये, हे घरमालकिणीनेच ठरवावयाचे.

म्हशाची यात्रा या सर्वांस जुनी साक्ष आहे. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या या यात्रेत बैलांचे आणि घोंगड्यांचे व्यापारी दूरदूरहून येतात, दिवसचे दिवस तळ देतात आणि आसपासच्या गावांचा धान्या-चाऱ्याचा व्यवहार त्यावर चालतो. मुक्कामी पाहुण्याचे अर्थकारण मुरबाडला कोणी नव्याने शिकवावे, अशी स्थिती नाही.

अलीकडे पावसाळा आला की धबधब्यांवर आणि धरणांच्या परिसरात जाण्यास बंदी घालणारे आदेश जिल्हा प्रशासन काढते. बुडून मरणाऱ्यांची वृत्ते वाचल्यावर त्यास नाव ठेवता येत नाही. पण जून ते सप्टेंबर हाच या तालुक्यांचा खरा हंगाम. त्यात दार बंद ठेवायचे तर उरलेल्या आठ महिन्यांत गड, रान आणि यात्रा यांच्यासाठी माणूस आला पाहिजे आणि राहिला पाहिजे. देहरी, वैशाखरे यांसारख्या पायथ्याच्या गावांत निवासाची नोंदणी करून देणारा एखादा कर्मचारी दिवाळीपूर्वी दोनचार शनिवार जाऊन बसला, अर्ज तेथल्या तेथे भरून घेतला आणि बँकेच्या शाखेकडे पाठविला, तर येत्या पौषात म्हशाला येणाऱ्या शहरी पाहुण्यास निदान पाठ टेकण्यापुरती जागा गावातच मिळू शकेल.