सुटलेला टाका



आमच्या निफाड तालुक्यातली थंडी तुमच्या ऐकण्यात असेलच. पारा एक आकडी झाला, की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडतात. का, तर वेलींना ऊब मिळावी, मण्यांना तडे जाऊ नयेत. वेलींचे एवढे लाड, मग माणसांनी काय घोडं मारलंय? म्हणून दिवाळीचा फराळ संपला की मी लोकर आणि सुया घेऊन बसते. ‘बसते’ म्हणते खरी, पण बसायला मिळतं कुठं?

मी गावची आशाताई. आमची ही योजना २००५ साली सुरू झाली आणि मी पुढं काही वर्षांनी तिच्यात आले. नोकरी म्हणावी तर नोकरी नाही, पण काम मात्र नोकरीच्या दुप्पट. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली, की बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जायचं. बाळाचं वजन करायचं, अंगाला हात लावून ताप-गारठा बघायचा, आईचं दूध नीट चाललंय ना ते विचारायचं. शिवाय लसीकरणाचा दिवस, तालुक्याची बैठक, नोंदवह्या, मोबाईलवर भरायची माहिती. घरी दोन मुलं, सासूबाई, दोन म्हशी, एक वासरू, आणि रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी भरायला जाणारे आमचे हे. आता सांगा, विणायचं कधी?

तर मी विणते एसटीत, बैठकीत, दूध तापेपर्यंत आणि भात शिजेपर्यंत. त्यामुळं माझ्या विणकामाला कधी दुधाचा वास येतो, कधी गोठ्याचा, आणि फजिती तर प्रत्येक ओळीला एक.

ऐका एकेक. हसायचं असेल तर हसा, मीही आता हसते.

एकदा सकाळी माझी एक सुई सापडेना. अंथरूण झटकलं, पाटाखाली बघितलं, धाकट्याला विचारलं, ‘तूच नेली असशील चक्र फिरवायला’ म्हणून त्याला दोन शब्द ऐकवले. शेवटी तशीच बाळंतिणीकडं गेले. बाळाचं वजन केलं, नोंद केली, निघणार तोच बाळाची पणजी म्हणाली, “ताई, ही अंबाड्यात कसली नवी फॅशन?” हात लावून बघते तर सुई! घाईत केस वर बांधले आणि हातात होतं ते खोवलं. अर्ध्या गावातून मी तशीच मिरवत आले होते. घरी आल्यावर लेकाची माफी मागितली, तर त्यानं भरपाईत एक बिस्किटचा पुडा वसूल केला.

दुसरी गंमत बैठकीतली. मागच्या रांगेत बसून पिशवीतल्या पिशवीत टोपडं विणत होते. गुंडा निसटला आणि खुर्च्यांखालून घरंगळत थेट पुढं साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. साहेबांनी तो उचलला, लाल धागा सगळ्या रांगांतून माझ्यापर्यंत आलेला बघितला आणि म्हणाले, “हा कुणाचा अहवाल?” सगळं सभागृह हसलं. त्या दिवसापासून गुंडा मी झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ठेवते. धागा भोकातून बाहेर येतो, गुंडा आत फिरत राहतो. वासरानं एकदा अख्खा गुंडा गोठ्याच्या चारी खांबांना गुंडाळून ठेवला होता, त्यावरही हाच उपाय.

तिसरी फजिती जरा महागात पडली. आमच्या ह्यांना शुद्ध लोकरीचा स्वेटर विणला होता, दोन हिवाळे खपून. मी एका बाळंतिणीबरोबर दवाखान्यात अडकले होते. ह्यांना वाटलं, बायको दमून येईल, आपण कपडे धुऊन टाकू. बंबातलं कढत पाणी घेतलं, साबण लावला, ब्रशनं घासला आणि पिळून दोरीवर टाकला. मी आले तेव्हा दोरीवर धाकट्याच्या मापाचा, घोंगडीसारखा घट्ट झालेला स्वेटर लटकत होता. ह्यांचा चेहरा बघून रागावताही येईना. चांगलं करायला गेलेल्या माणसावर काय रागवायचं?

पण त्यातलं कारण समजून घ्या. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं तिन्ही एकत्र आलं, की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आक्रसून घट्ट होतं. पुन्हा ते सुटत नाही. म्हणून लोकर धुवायची ती गार किंवा कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात, नुसती दाबून. पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत बाजेवर आडवी पसरून वाळवायची. दोरीवर टांगली की ओझ्यानं लांब होते. हल्ली बाजारात बरीचशी लोकर कृत्रिम धाग्याची असते. ती अशी आटत नाही, पण तिच्यावर तापलेली इस्त्री फिरवली तर ती लुळी पडते आणि आकार कायमचा जातो. आटलेल्या स्वेटरचं काय केलं म्हणता? कापून चुलीवरची भांडी उतरवायची फडकी केली. आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही, हा एक फायदा.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण यंदाची गोष्ट हसण्यावारी गेली नाही, आणि खरं तर तीच सांगायला आज बसले आहे.

माझी लेक पाचवीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिच्यासाठी निळा स्वेटर सुरू केला होता. पाठ झाली, पुढचा भाग अर्धा झाला, आणि गावात एक बाळ जन्मलं, अडीच किलोच्या खूप खाली. अशा बाळाला गारठा सोसत नाही. त्याला आईच्या अंगाशी घट्ट धरायचं, कोरडं ठेवायचं आणि डोकं झाकायचं. निळ्या लोकरीचं टोपडं दोन रात्रीत केलं. मग दुसरं बाळ, मग नणंदेचं डोहाळजेवण. बाळं काही थांबत नाहीत, मैत्रिणींनो. लेक मात्र थांबली. ती थांबली म्हणजे नुसती गप्प राहिली, उंची काही थांबली नाही. अर्धवट स्वेटर तिला लहान झाला. तो उसवला आणि यंदा पुन्हा नव्यानं टाके घातले.

नव्यानं घातले ते माप घेऊन. पूर्वी मी अंदाजानं घालायची आणि आईचा स्वेटर आजीला व्हायचा. आता आधी चार इंचांचा चौकोन विणून बघते. त्यात आडवे चोवीस टाके बसले, म्हणजे इंचाला सहा. लेकीची छाती सव्वीस इंच, सैलपणाला दोन इंच, एकूण अठ्ठावीस. पुढचा भाग चौदा इंच, म्हणजे चौऱ्याऐंशी टाके. हेच टाके कुणी सैल हातानं इंचाला पाच घातले, तर तोच भाग जवळजवळ सतरा इंच होईल. एक टाक्याचा फरक, आणि स्वेटर बापाच्या मापाचा! आणखी एक. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. बारा नंबरची सुई दहापेक्षा बारीक असते. नवशिक्या मुली इथं हमखास फसतात.

तर स्वेटर काखेपर्यंत आला. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ओसरीवर लेक आणि तिची मैत्रीण अभ्यासाला बसल्या होत्या. मैत्रिणीनं विचारलं, “तुझी आई एवढं छान विणते, मग तुझ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत का गं?” लेक अगदी सहज म्हणाली, “आई बाळांसाठी विणते. मी आता बाळ नाही ना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. तिनं ते मान्यच करून टाकलं होतं. तव्यावरची भाकरी करपली तरी मला वास आला नाही. सासूबाईंनी येऊन उलथली.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी ठरवून स्वेटर घेतला. आज बाहीपर्यंत न्यायचाच. विणता विणता हात थबकला. टाके मोजले, त्र्याऐंशी. पुन्हा मोजले, त्र्याऐंशीच. स्वेटर उजेडात धरला, तर मधोमध एक टाका सुटून सरसर खाली गेलेला, शिडीसारखा. आठ दिवसांपूर्वी दाराशी कुणीतरी ‘ताई, लवकर चला’ म्हणून हाक मारली होती, तेव्हा सुई तशीच खाली टाकून मी धावले होते. तेव्हाच तो निसटला असणार.

माझं डोकंच फिरलं. सुई ओढून काढायला घेतली. म्हटलं, सगळं उसवते, नीट होईल तेच होऊ दे. तेवढ्यात लेक अंथरुणातून म्हणाली, “आई, उसवू नको ना. मग तो पुढच्या वर्षी होईल, आणि मी आणखी मोठी होईन.”

ती जागी होती. किती रात्री अशी जागी राहून माझ्या सुयांकडं बघत होती, देव जाणे.

सासूबाई माझ्या विणकामाला ‘सुयांचा खेळ’ म्हणतात. पण त्या रात्री त्याच उठल्या, मोबाईलची बॅटरी लावून माझ्या खांद्याशी धरली आणि म्हणाल्या, “एक धागा सुटला म्हणून कुणी लुगडं फाडतं का? तेवढाच वर घे.”

मग क्रोशाची सुई काढली. तुमचाही टाका कधी सुटेल, म्हणून रीत सांगते. आधी सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली पळत नाही. विणकामाची सुलट बाजू आपल्याकडं करा. क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घाला. टाक्याच्या वर आडवे धागे दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्यातली सगळ्यांत खालची पायरी सुईनं पकडा आणि टाक्यातून पुढं ओढा. झाला एक टाका. मग त्याच्या वरची पायरी, मग त्याच्या वरची. शेवटी वर आलेला टाका डाव्या सुईवर चढवा. पायरी मात्र एकही चुकवायची नाही.

लेक माझ्याजवळ येऊन बसली आणि पायऱ्या मोजू लागली. बावीस होत्या. पंधरा मी घेतल्या. उरलेल्या सात तिनं मागितल्या. तिचे हात थरथरत होते, जीभ दातांत धरलेली. सातातली एक पायरी तिनं चुकवलीच. मागच्या बाजूला तो धागा सुटा राहिला. मी तो आतून सुईदोऱ्यानं पक्का केला, पण पुढून बारीकशी खूण दिसते ती दिसतेच.

पुढच्या आठ दिवसांत स्वेटर पुरा झाला. मध्ये एका बाळाच्या टोपड्याची गरज पडली. तेव्हा लेकीला विचारलं, “आधी कुणाचं करू?” ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “टोपडं कर. पण मला तारीख सांग.” मी कॅलेंडरवर तिच्यासमोर तारखेला गोल केला, आणि तो पाळला. मैत्रिणींनो, विचारायचंच राहिलं होतं हो मी दोन वर्षं. मुलं थांबायला तयार असतात. आपली वेळ कधी येणार हे कुणी सांगतच नाही, त्याचं त्यांना लागतं.

आता माझे काही नेम झालेत. ओळ पुरी झाल्याशिवाय सुई खाली ठेवायची नाही. बोलावणं अगदीच तातडीचं असेल तर सुईच्या टोकाला बूच लावूनच उठायचं. दर दहा ओळींनी टाके मोजायचे. मोठं काम असेल तर मोजलेल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढं चूक झाली तर तिथपर्यंतच उसवावं लागतं. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ घरच्या माणसाचं काम सुईवर.

परवा लेक नवा स्वेटर घालून शाळेत गेली. मला वाटलं, ती खूण ती दप्तरानं झाकेल. कसलं काय! दारातूनच मैत्रिणीला बोलावून दाखवत होती, “ही बघ, हा टाका मी घेतलाय.”

तुमच्या घरी कुणाचं काम अर्धवट सुईवर राहिलं असेल, तर आज रात्री काढून उजेडात धरा. सगळं उसवायची घाई करू नका. आणि तुमची काही फजिती झाली असेल तर जरूर लिहून कळवा. माझ्या एकटीच्या फजितीवर किती दिवस हसायचं?

तुमची,
आशाताई