डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी खेळ बंद

प्रति,
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा,
महाराष्ट्र राज्य, पुणे



शालेय कबड्डीत 14 वर्षांखालच्या गटाची पकड जवळून पाहा. चढाई करणाऱ्याचं डोकं बचाव करणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटतं. तोंडावर पाणी मारतात, 'ही बोटं किती?' विचारतात. उत्तर बरोबर आलं की पोरगं पुन्हा मॅटवर.

बोटं मोजता आली म्हणजे मेंदू ठीक, असं नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हा, शुद्ध हरपतेच असं नाही आणि सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, चिडचिड हे कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी वर्गात जाणवतं. तोवर संघ घरी गेलेला असतो, पालकांना कुणी काही सांगितलेलं नसतं, आणि संघातली जागा जाईल म्हणून मूलही बोलत नाही.

क्रिकेटमध्येही हेच दिसलं. 2020मध्ये कॅनबेऱ्याला ऑस्ट्रेलियन गोलंदाज स्टार्कचा चेंडू हेल्मेटवर बसल्यावरही रवींद्र जडेजा उरलेले चेंडू खेळला. चक्कर येतेय हे ड्रेसिंग रूममध्ये कळलं. तिथे फिजिओ होते, बदली खेळाडूचा नियम होता. जिल्हास्तरावरच्या मुलाजवळ फक्त क्रीडाशिक्षक असतो.

म्हणून दोन मागण्या. पहिली, कन्कशनची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. कबड्डीत संघाने समोरचा गडी बाद करताच आपला बाद गडी जिवंत होतो. इथे ती सवलत नको. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा न उतरणारी गुंगी दिसली, तर थेट रुग्णालय.

दुसरी, एकपानी मराठी नोंदपत्रक. 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टर वापरतात त्या 'चाइल्ड स्कॅट 6'मध्ये प्रत्येक तक्रारीला 0 ते 3 गुण असतात. मूल स्वतःचं सांगतं, पालक त्यांच्या परीने स्वतंत्रपणे सांगतात. याच धर्तीवर तज्ज्ञांकडून सोपं पत्रक करून घ्या. पहिली नोंद मैदानावर, मग रोज घरी, आणि शाळेत वर्गशिक्षकांची. आकडे उतरताहेत की अडकलेत, हे त्यावरून डॉक्टरांना दिसेल. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल आणि अभ्यास. शाळा पूर्ण वेळ झेपली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच सामना. बहुतेक मुलं महिनाभरात बरी होतात. जी होत नाहीत, ती या पत्रकामुळे वेळेत लक्षात येतील.

प्रवेशिकेबरोबर वयाचा पुरावा नसेल, तर खेळाडूला उतरू देत नाही. त्याच काटेकोरपणे या पत्रकाची अट येत्या हंगामाच्या परिपत्रकात घालावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक