मधल्या तासांचा हिशेब

सोयाबीनचे निंदण निघाले, पुढे कापसाची वेचणी लागली, की मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात आई मजुरीला जाते आणि धाकट्याला कडेवर घेऊन थोरली बहीण घरी थांबते. ज्या घरात नानी-दादी आहे तिथे निभावते. जिथे नाही, तिथे मूल सांभाळण्याची किंमत चौथी-पाचवीतली मुलगी शाळा बुडवून चुकवते. हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून या वेळी त्यावर लिहीत आहोत.

ब्रिटनमध्ये कमी कमाईच्या आईबापांना सरकारी भत्त्यातून पाळणाघराचा 85 टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. आपल्याकडे पद्धत वेगळी. इथे सरकार आईच्या हातात फीचे पैसे देत नाही, पाळणाघर चालवायला देते. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये घरात येतात खरे, पण बाळाला सांभाळायला माणूसच लागतो.

2022 पासून केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मध्ये ‘पालना’ ही योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस नेमायची. मुलांची झोप, आहार, वाढीची नोंद, लसीकरण हे सगळे त्यात येते. खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. आधीची योजना फक्त कामावर जाणाऱ्या आयांसाठी होती, आता ती अट राहिलेली नाही. नेहमीची अंगणवाडी दुपारीच सुटते आणि शेतातली बाई दिवस मावळताना परतते. अडचण आहे ती या मधल्या तासांची.

तशी ही कल्पना नवी नाही. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असे लिहिले होते. ते किती जणींना कोणी सांगितले, हे विचारायलाच नको!

अशा सोयी मागितल्याशिवाय गावात येत नाहीत. ग्रामसभेत नाली आणि रस्ता यांवर तासभर भांडण होते, पाळणाघराचे नाव पुरुष मंडळी काढत नाहीत आणि आपल्या भगिनी तिथे जात नाहीत. पण ग्रामसभेआधी फक्त महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. तिथे बोलायला संकोच कशाचा? ही खैरात नाही, हक्क आहे.

मोहल्ल्यातल्या दहा-बारा आयांनी मिळून एकच अर्ज करावा. त्यात मुलांची नावे व वय, कामावर जाण्या-येण्याची वेळ आणि घराजवळची अंगणवाडी कोणती, एवढे लिहावे. एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी मेहकरच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावी. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नये.