वेसेक्सची वहिवाट

इंग्लंडच्या दक्षिण-नैर्ऋत्येकडील ‘वेसेक्स’ या नावावर आल्फ्रेड राजाच्या लयास गेलेल्या सॅक्सन राज्याचा, राजघराण्यातील एका उमरावी पदवीचा आणि थॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतील कल्पित मुलखाचा असा तिहेरी हक्क सांगता येतो. आणि हा तंटा कोणा न्यायाधीशापुढे गेलाच, तर निकाल कादंबरीकाराच्या बाजूने लागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आल्फ्रेडचे राज्य नवव्या शतकातले. पुढे ते अखंड इंग्लंडात विलीन झाले, वेसेक्सचा अर्ल हॅरल्ड राजपदी चढून 1066 मध्ये हेस्टिंग्जच्या रणांगणावर पडला, आणि नॉर्मन अमदानीत ते नाव हळूहळू दफ्तरातून उतरून इतिहासग्रंथांपुरते उरले. 1874 च्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मध्ये हार्डीने ते उचलले, आणि त्या व पुढच्या कादंबऱ्यांतून डॉर्चेस्टरला कॅस्टरब्रिज, सॉल्झबरीला मेल्चेस्टर, ऑक्सफर्डला क्राइस्टमिन्स्टर म्हणत, स्टोनहेंजला मात्र स्टोनहेंजच ठेवीत, असा मुलूख वसविला की, खऱ्याखोट्याची चौकी कोठे बसवावी हे कळू नये. आपली ही स्वप्नभूमी लोकांनी बिऱ्हाड करण्याजोगा खराखुरा प्रांत ठरविली, हे पुढे प्रस्तावनेत त्यानेच काहीशा मिस्किलपणे नमूद केले.

1999 मध्ये राणी एलिझाबेथने धाकट्या मुलाला, एडवर्डला, ‘अर्ल ऑफ वेसेक्स’ केले. 2023 पासून ही पदवी त्याचा मुलगा, जेम्स, शिष्टाचार म्हणून लावतो. तिच्यासोबत बिघाभर जमीन किंवा एका गावचा सारा काही आला नाही, आणि ती ऐकून हॅरल्डपेक्षा हार्डीचे मेंढपाळ आठवणारेच अधिक असावेत.

घराण्याच्या नावाचे प्रकरण याहून नाजूक आहे. डॉर्सेटमधील बेअर रेजिस येथील चर्चमध्ये टर्बरव्हिल या जुन्या सरदार घराण्याची थडगी आहेत. तेच नाव किंचित बदलून हार्डीने ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (1891) लिहिली. तीत स्टोक नावाचा एक धनाढ्य व्यापारी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून निर्वंश घराण्यांची पुस्तके चाळतो आणि आवडलेले ‘डर्बरव्हिल’ आपल्या नावापुढे खुशाल जोडतो, तर त्या रक्ताचे खरे वंशज पूर्वजांच्या चर्चच्या भिंतीलगत, त्यांच्याच नावाच्या खिडकीखाली, उघड्यावर पलंग मांडतात. यावर कोणी विचारील की, हार्डीने तरी स्टोकपेक्षा निराळे काय केले? परक्याचे नाव दोघांनीही घेतले, हे कबूल. परंतु स्टोकने ते आपल्या पैशाचा उगम झाकण्यासाठी घेतले. हार्डीने, कुळाचा टेंभा मिरविणाऱ्यांचे पितळ उघडे पाडण्यासाठी. शिवाय टर्बरव्हिलांची विचारपूस परमुलखात जी काही होते, ती त्यांच्या सनदांमुळे खास नव्हे.

डॉर्चेस्टरच्या साउथ स्ट्रीटवरील एका विटांच्या घरावर एक पाटी आहे; कॅस्टरब्रिजचा मेयर येथे राहत होता अशी ख्याती असल्याचे तीवर लिहिले आहे. जो कधी जन्मलाच नाही त्याच्या रहिवासाचा हा दाखला पाहून इतिहासाचे कडवे अभिमानी नाक मुरडतील. परंतु हार्डीच्या कथेचा उल्लेख त्याच पाटीवर स्वच्छ अक्षरांत असल्यामुळे फसवणूक कोणाचीच होत नाही, आणि ती पाटी उतरविण्याचे कारण मला तरी दिसत नाही.